मांडवच्या गोरखचिंचा

गुरुवार रात्र, इंदूर

पावसाळ्यात मांडवला जायचं म्हटलं की इंदूरकराच्या डोक्यात धुकं, जहाज महाल आणि दाल-पानिये एवढंच येतं. या खेपेला आम्ही निघालो होतो झाडं बघायला. याचं सगळं श्रेय छोटीचं. छोटी म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी. लग्नाच्या वयाची झाली तरी घरात अजून छोटीच. बंगळुरूला झाडांच्या जनुकांवर संशोधन करते आणि सुट्टीवर आली तरी सुट्टी म्हणून घेत नाही.

तिचं खरं काम पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलातल्या झाडांवर. डायसॉक्सिलम मलबारिकम नावाचं एक उंच, सरळसोट झाड कोडगूकडे आहे. लाकूड चांगलं, म्हणून आजवर भरपूर तोडलं गेलं. आता ते उरलंय देवरायांमध्ये आणि जंगलाच्या तुकड्यांमध्ये, कुठे एक, कुठे दोन. असं एखादं झाड दिमाखात उभं दिसलं की आपण म्हणतो, चला, वाचलं. छोटीचं म्हणणं, झाड उभं असणं वेगळं आणि त्याचा वंश चालू राहणं वेगळं. आसपास आपल्या जातीचं दुसरं झाडच नसेल तर परागकण यायचे कुठून? आणि आले ते सख्ख्या भावंडाकडूनच आले, तर पुढची रोपं अशक्त निघतात.

"मग मांडवला काय आहे?" दादाने विचारलं. "तिथे कुठलं आलंय सदाहरित जंगल?"

"जंगल नाही बाबा, पण गोरखचिंच आहे, म्हणजे बाओबाब. मोजकीच झाडं, लांबून आणलेली, विखुरलेली. प्रश्न तोच."

वहिनी म्हणाली, "प्रश्न कुठलाही असो, शनिवार-रविवारी तिथे मरणाची गर्दी असते. खोलीचं फोन करून सांगितलंय का कुणी?" कुणीच सांगितलं नव्हतं. रात्री दहा वाजता ते काम झालं.

शुक्रवार, इंदूर ते मांडव

पोहे-जिलबी पोटात गेल्याशिवाय गाव सोडायचं नाही हा घरचा नियम. पोह्यांवर जीरावन जरा जास्तच पडलं होतं, त्यामुळे बेटमा येईपर्यंत सगळे पाणी पीत होतो. घाटाबिल्लोद मागे पडलं आणि दादाचा इतिहासाचा तास सुरू झाला. धार जवळ आलं की त्याला उदाजी पवार आठवतात, मग १७२८ सालची अमझेऱ्याची लढाई, चिमाजी अप्पा आणि तिथे पडलेला माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर. "आपली माणसं माळव्यात पाय रोवून उभी राहिली ती या लढाईनंतर," हे वाक्य मी लहानपणापासून याच रस्त्यावर, साधारण याच वळणावर ऐकत आलेय.

छोटी मागून म्हणाली, "म्हणजे गोरखचिंचा आपल्या आधीच्या."

दादाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "कशावरून?"

"उद्या सांगते. आधी झाड बघू."

लुन्हेऱ्यानंतर रस्ता वळणं घ्यायला लागतो. पठार आणि मांडवगड यांच्यामध्ये काकडा खोह नावाची दरी आहे. ती पावसाळ्यात अशी काही हिरवी होते की सगळ्या गाड्या तिथे थांबतात आणि सगळ्या गाड्यांतून कणसं विकत घेतली जातात. आम्हीही थांबलो. पहिली गोरखचिंच नीट पाहिली ती तिथून थोडं पुढे, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर.

ज्यांनी हे झाड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: खोड प्रचंड जाड, उंची त्या मानाने बेताची, आणि फांद्या वर जाता जाता एकदम बारीक होतात. वर्षाचा बराच काळ झाड पूर्ण निष्पर्ण असतं. तेव्हा हे मूळांसकट उलटं गाडलंय अशी शंका येते, आणि आफ्रिकेत तशा कथाही आहेत. आम्ही गेलो तेव्हा आषाढ लागला होता. पानं नुकती फुटून तकतकीत झालेली, एकेका देठावर पाच ते सात पर्णिका. साल राखी, बरीचशी गुळगुळीत, आणि जिथे हात पोचतो तिथे दिल, बाण आणि नावं. एका ताज्या ओरखड्यात सालीखालचा हिरवा थर दिसत होता. छोटी म्हणाली, पानं नसतात त्या महिन्यांत हा थर थोडंफार अन्न तयार करतो. म्हणजे प्रेमवीर नेमकं झाडाचं उन्हाळ्यातलं स्वयंपाकघर खरवडतात.

आफ्रिकेत, विशेषतः सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या गवताळ मुलखात, हे झाड मूळचं. शास्त्रीय नाव अडॅनसोनिया डिजिटाटा. अठराव्या शतकात सेनेगलमध्ये राहून आलेल्या मिशेल अडॅनसन या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून लिनियसने ते ठेवलं. अडॅनसोनियाच्या एकूण आठ जाती: सहा फक्त मादागास्करमध्ये, एक ऑस्ट्रेलियात आणि एक ही आफ्रिकेची. आपल्याकडे पोचली ती हीच एक.

गावात शिरल्यावर जामी मशिदीसमोरच्या चौकात फळं विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. पर्यटक टोपलीतलं एक फळ उचलतात, फोटो काढतात, परत ठेवतात. छोटी मात्र जमिनीवर फतकल मारून बसली आणि टोपली उलटीपालटी करायला लागली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ही फळं एकसारखी नाहीतच. काही लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. काही जवळजवळ गोल. एक तर मधूनच आवळलेलं. सगळ्यांवर मखमली लव, पण कुणाची हिरवट तर कुणाची पिवळसर तपकिरी. बाईंनी एक दगडावर आपटून फोडलं. आत पांढरा, कोरडा, ठिसूळ गर, त्यात लालसर दोरे आणि मूत्रपिंडाच्या आकाराच्या काळपट बिया. गर तोंडात टाकला की आधी पिठूळ लागतो आणि मग एकदम आंबट. क जीवनसत्त्व भरपूर. वहिनीने डोळे मिटले, इतका आंबट.

"ये खट्टी है," बाई म्हणाल्या. "मीठी चाहिए तो ये लो." आणि दुसऱ्या ढिगातलं फळ पुढे केलं.

छोटीचे कान टवकारले. खोदून विचारल्यावर कळलं की बाईंना प्रत्येक झाडाची चव माहीत आहे. तळ्याकडच्या अमुक झाडाची आंबट, खालच्या गावातल्या तमक्या झाडाची त्यातल्या त्यात गोड, एका झाडाची फळं मोठी पण गर कमी. कुठल्या झाडाला एखाद्या वर्षी फळच धरत नाही, हेही त्यांना ठाऊक. प्रयोगशाळेत जे काढायला लाखभर रुपयांची रसायनं लागतात, त्याची पहिली ओळख इथे टोपलीत पडली होती. माझ्या मते अशा बाईंना संशोधनाच्या निबंधात सहलेखक म्हणून घ्यायला हवं. छोटी हसली, पण नाही म्हणाली नाही.

संध्याकाळी पाऊस उघडला तसे आम्ही एका फुललेल्या झाडाखाली जाऊन बसलो. गोरखचिंचेची कळी लांब देठावर उलटी लोंबते. दिवस मावळला की उमलते, आणि सकाळपर्यंत तिचं सगळं आटोपलेलं असतं. उमलताना पाकळ्या मागे वळतात आणि मधून पुंकेसरांचा भलामोठा गोंडा खाली लोंबतो. पाकळ्या पांढऱ्या, जाड, सुरकुतलेल्या. अख्खं फूल माझ्या तळहाताहून मोठं. अंधार पडला आणि वटवाघळं आली. फळं खाणारी, मोठाल्या पंखांची. क्षणभर फुलाला लोंबकळायचं, तोंड खुपसायचं आणि निघायचं. वहिनीने ओढणी डोक्यावर घेतली ती जेवायला जाईपर्यंत काढली नाही.

इथे छोटीने जे सांगितलं ते नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. गोरखचिंचेचं फूल आपल्याच झाडाच्या परागकणांनी सहसा फळत नाही, दुसऱ्या झाडाचे लागतात. ते आणायचं काम हे प्राणी करतात आणि एका रात्रीत ते कित्येक किलोमीटर फिरतात. म्हणून झाडं लांब लांब असली तरी चालतं, एका मर्यादेपर्यंत. वटवाघळांची वस्ती हुसकावून लावली, किंवा मधली झाडं काढून टाकली, तर उरलेलं झाड फुलत राहील, पण फळणार नाही. बाईंच्या "फळ न धरणाऱ्या" झाडाचं कारण कदाचित हेच असेल. बघायला हवं.

शनिवार, मांडव

सकाळी त्याच झाडाखाली गेलो तर कालची फुलं चिखलात पडलेली, कडा तपकिरी झालेल्या, आणि वास असा की नाक धरावं.

दिवसभर मोजमाप. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा, जागा फोनवर नोंदवायची, पानं-फुलं-फळं आहेत की नाहीत ते लिहायचं, फोटो काढायचा. दादा टेपचं एक टोक धरून खोडाला वळसा घालायचा आणि पलीकडून ओरडायचा, "आलो का?" एका झाडाचा घेर नऊ मीटरच्या थोडा वर निघाला. तिथेच एक वाटाड्या पर्यटकांना सांगत होता की हे झाड दोन हजार वर्षांचं आहे. दादा वाद घालायला निघालाच होता, वहिनीने अडवलं.

वय हा या झाडाचा अवघड विषय. खोड पाणी साठवतं, त्यामुळे उन्हाळ्यात घेर थोडा उतरतो आणि पावसात पुन्हा भरतो. अनेकदा दोन-चार खोडं मिळून एक झालेलं असतं. आतून पोकळी. वार्षिक वलयं मोजून भागत नाही. रोमानियाचे अड्रियान पॅट्रूट आणि त्यांचे सहकारी पोकळीतल्या लाकडाचे बारीक नमुने घेऊन कार्बन पद्धतीने वय काढतात. प्रयागराजजवळ झूंसीला आणि बाराबंकीजवळ किंतूरला ज्या प्रसिद्ध गोरखचिंचा आहेत, त्यांचं वय त्यांनी साडेसातशे ते आठशे वर्षांच्या घरात सांगितलं. याच गटाने २०१८ मध्ये एक वाईट बातमीही दिली होती: आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या तेरा गोरखचिंचांपैकी नऊ, पूर्ण किंवा त्यांचा सर्वांत जुना भाग, २००५ नंतरच्या काही वर्षांत मरून पडल्या. तेव्हा म्हाताऱ्या झाडांवर विसंबून राहता येत नाही.

दुपारी दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले, वर तूप. ते खाताना दादाने कालचा प्रश्न काढला: आपल्या आधीच्या कशावरून?

मांडवमध्ये सर्रास सांगितली जाणारी गोष्ट अशी की इजिप्तच्या खलिफाने मांडूच्या, म्हणजे मांडवच्याच, सुलतानाला या झाडाच्या बिया भेट पाठवल्या. गोष्ट गोड आहे. होशंगशाहाने धारहून राजधानी इथे आणली ती पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि पुढे महमूद खिलजीच्या दरबारात खलिफाचे दूत आले होते हेही खरं. पण इजिप्त हा काही या झाडाचा मुलूख नाही. कैरोच्या बाजारात फळं मात्र मिळायची. प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने तिथे पाहून १५९२ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. तीही दक्षिणेकडून व्यापाऱ्यांनी आणलेली.

झाडांना विचारलं तर ती काय सांगतात? हे २०१५ मध्ये कॅरेन बेल, हरिप्रिया रंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं. आफ्रिका, भारत, मॉरिशसकडची बेटं आणि मलेशिया इथल्या झाडांचे नमुने घेतले आणि जनुकसंचातल्या दहा ठिकाणांची तुलना केली. ही ठिकाणं म्हणजे डीएनएची दोन-चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात अशा जागा. कुठल्या झाडात ती पंधरा वेळा येतात, कुठल्यात अठरा वेळा. अशा दहा जागा पाहिल्या की कोण कुणाच्या जवळचं हे बऱ्यापैकी कळतं.

निघालं ते असं. पश्चिम आणि मध्य भारतातल्या गोरखचिंचा, म्हणजे आपल्या या, आफ्रिकेतल्या कुठल्याच गटात चपखल बसत नाहीत, त्यांचा वेगळा गट पडतो. नात्याने सर्वांत जवळची झाडं मोंबासा ते दार-एस-सलाम या किनाऱ्यावरची. आग्नेय भारतातली झाडं मात्र पश्चिम आफ्रिकेकडची. ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतींच्या जहाजांतून आली असावीत. म्हणजे गोरखचिंच भारतात एकदा आली नाही. वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या काळी येत राहिली, आणि आपण समजत होतो त्याहून जास्त काळ.

दादाने पानिया खाली ठेवला. "मोंबासाहून इथे आणलं कुणी?"

समुद्रापलीकडे व्यापार करणारे अरब आणि स्वाहिली लोक होते. आणि माणसंही आणली जात होती, विकत घेऊन. सैनिक म्हणून, गुलाम म्हणून आलेले हबशी दख्खनपासून गुजरातपर्यंत होते. इतिहासकार फरिश्ता लिहितो की मांडूच्या गियासुद्दीन सुलतानाच्या अंगरक्षकांत पाचशे तुर्की आणि पाचशे हबशी स्त्रिया होत्या. आकडा फुगवलेला असेल. पण जहाज महालाच्या आसपास आफ्रिकेतून आलेली माणसं वावरत होती हे नक्की. बरोबर कुणी मूठभर बिया आणल्या, की वाटेत खायला घेतलेल्या फळातून त्या पडल्या, हे आता कोण सांगणार? त्या निबंधात एक गोष्ट वाचताना मला गलबलून आलं. खुद्द आफ्रिकेत, झांबेझीच्या काठी आणि किल्वा बंदराजवळ, वेगवेगळ्या प्रदेशांतल्या गोरखचिंचांची सरमिसळ आढळली, आणि संशोधकांना वाटतं की पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकात आतल्या मुलखातून माणसं पकडून किनाऱ्याकडे नेली जात, त्याचा हा माग असू शकतो. माणसांच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत. झाडांमध्ये राहिल्या.

आता संवर्धनाच्या दृष्टीने कामाचा भाग. भारतातल्या झाडांमधली जनुकीय विविधता आफ्रिकेपेक्षा कमी निघाली. ते अपेक्षितच होतं. मिसळीच्या कडधान्याच्या डब्यातून एक मूठ काढली तर चवळी हाताशी येईलच असं नाही. तसं थोड्या बियांतून सगळे प्रकार येत नाहीत. पण त्याच अभ्यासात भारतातल्या झाडांत काही जनुकरूपं अशी सापडली जी त्यांच्या आफ्रिकी नमुन्यांत नव्हती. एक तर ती इथेच घडली, नाहीतर आफ्रिकेतल्या मूळ ठिकाणाहून नाहीशी झाली, किंवा तिथे अजून कुणी नमुना घेतला नाही. तिन्हीपैकी काहीही असलं तरी ती आज आपल्याकडे आहेत, आणि आपल्याकडची झाडं मोजकी आहेत.

"शिवाय याचा हिशेब आपल्यापेक्षा किचकट," छोटी म्हणाली. आपल्याकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, गोरखचिंचेत चार: बेचाळीसचे चार संच, एकूण १६८. तिने नॅपकिनवर चौकटी काढायला सुरुवात केली. वहिनीने नॅपकिन ओढून घेतला आणि हात पुसले.

रविवार, गडाखालची गावं

रविवारी गडावर गाड्यांची रांग लागणार हे ठाऊक होतं, म्हणून सकाळी उलट्या दिशेने, खालच्या भिल्ल वस्त्यांकडे निघालो. गोरखचिंचेची बरीच झाडं शेतांच्या बांधांवर, घरांच्या मागे उभी आहेत. ती पर्यटकांच्या फोटोत नसतात.

एका गावात प्राथमिक शाळेचे मास्तर भेटले. त्यांनी २०२२ ची हकीकत सांगितली. तेव्हा या भागातली काही मोठी झाडं खोदून, फांद्या छाटून, क्रेनने ट्रेलरवर चढवून परराज्यात पाठवली जात होती, श्रीमंत बागांमध्ये लावायला. शेतकऱ्याला झाडामागे पैसे मिळायचे. आदिवासींनी विरोध केला, बातम्या झाल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. बांधावरचं झाड सावलीने पीक मारतं, फळांचे पैसे किरकोळ, आणि घरात दवाखान्याचं बिल पडलेलं. दोष असला तर हे झाड "परदेशी" म्हणून आपल्या मनात कुठे बसतच नाही, याचा आहे. वड-पिंपळ असता तर गाव आधीच उभं राहिलं असतं.

दादाने विचारलं, "उपटलेलं झाड दुसरीकडे जगलं, तर नुकसान काय?"

झाडाचं कदाचित काहीच नाही. गोरखचिंच चिवट असते. नुकसान इथल्यांचं. एक मोठं झाड दर पावसाळ्यात शेकडो फुलं देतं, त्यांचे परागकण आसपासच्या झाडांकडे जातात. ते निघून गेलं की शेजारची झाडं आपसात उरतात, आणि त्यातली दोन बहिणी असतील तर मग संपलंच. संवर्धनाच्या शास्त्रात एक ढोबळ नियम १९८० पासून सांगितला जातो: जवळच्या नात्यातल्या संकरापासून थोड्या काळासाठी वाचायचं तर निदान पन्नास, आणि बदलत्या हवेला तोंड देत दीर्घकाळ टिकायचं तर पाचशे प्रजननक्षम जीव लागतात. आकड्यांवर वाद आहेत, ते अपुरे आहेत असंही अनेक म्हणतात. पण त्यातला "प्रजननक्षम" हा शब्द महत्त्वाचा. गणनेत झाडं भरपूर दिसतील. त्यातली फळतात किती आणि बिया रुजतात किती?

रुजतात किती, हे आम्ही सकाळपासून शोधत होतो. जाड जाड आजोबा सगळीकडे, नातवंडं कुठेच नाहीत. आफ्रिकेत हत्ती आणि बबून फळं खाऊन बिया पसरवतात. इथे ते काम बहुतेक माणसानेच केलं. फळं गोळा होऊन बाजारात जातात, बिया चुलीत किंवा उकिरड्यावर. रुजलं तर शेळी खाते.

शाळेच्या हातपंपाजवळ छोटी अचानक खाली बसली. गुडघ्याएवढं एक रोप, साधी, एकेकटी, लांबट पानं. मास्तर म्हणाले, "अहो, ते गवत आहे, पोरं काढून टाकतील उद्या." ती म्हणाली, "सर, हीच गोरखचिंच." लहानपणी या झाडाची पानं साधी असतात, पर्णिकांची पानं नंतर येतात. म्हणून खुरपणीत रोप जातं आणि ज्यांच्या अंगणात मोठं झाड आहे त्यांनाही ते ओळखता येत नाही. तिने बुंध्याजवळची माती बोटाने उकरली. खाली मूळ चांगलं जाडजूड फुगलेलं, कोवळं गाजर निघावं तसं नव्हे, त्याहून पांढुरकं. मास्तर चष्मा लावून वाकले, मग पोरांना बोलावलं. रविवार असूनही सात-आठ जमली. एकाने लगेच सांगितलं, आमच्या घरामागे अशी दोन आहेत. दोन्ही खरी निघाली.

मास्तरांशी बराच वेळ बोलणं झालं. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यात गावपातळीवर समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. नोंदवहीत प्रत्येक झाड, त्याची जागा, फळाची चव, कधी फुलतं हे सगळं लिहिता येतं, आणि "परदेशी" म्हणून वगळायचं कारण नाही. मास्तर म्हणाले, वही आहे, भरलेली नाही. छोटीने आपली दोन दिवसांची नोंद त्यांना मोबाइलवर पाठवली. सुरुवात तर झाली.

परतीच्या वाटेवर चौकातल्या त्याच बाईंकडून फळं घेतली. छोटीची अट एकच: कुठल्या झाडाचं ते माहीत असेल तेच फळ. एका फळात शंभरावर बिया निघू शकतात, पण त्या सगळ्यांची आई एक. शंभर रोपं एका फळातून वाढवली तर बाग भरते, विविधता वाढत नाही. त्यापेक्षा दहा झाडांची दहा-दहा रोपं हजार पटीने बरी. बाईंना हे पटकन कळलं. त्यांनी टोपलीतून वेगवेगळी काढून दिली आणि प्रत्येकाबरोबर पत्ता सांगितला: विहिरीजवळचं, पाटलाच्या बांधावरचं, देवळामागचं. वहिनी कागदाच्या पिशव्यांवर लिहीत गेली.

सोमवार, इंदूर

बियांचं कवच कठीण असतं, नुसत्या पेरल्या तर वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. छोटीने उकळतं पाणी ओतून त्या रात्रभर भिजत ठेवल्या. काहींना कानशीने एका बाजूने किंचित घासलं. गच्चीवर खोल पिशव्या भरल्या, कारण मूळ सरळ खाली जातं आणि उथळ कुंडीत वळलं की पुढे झाड उभं राहत नाही. माती दादाच्या खतखड्यातली. तो खड्डा तो अल्बर्ट हॉवर्डच्या इंदूर पद्धतीने करतो आणि त्याचा त्याला इतका अभिमान आहे की येणाऱ्या प्रत्येकाला वास घ्यायला लावतो.

शेजारच्या काकूंनी वर येऊन पाहिलं आणि एक रोप आपल्या फाटकाशी लावायला मागितलं. छोटीने नम्रपणे सांगितलं, आधी मांडवचा वाटा, उरलं तर इंदूरचा. काकूंना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

प्रत्येक पिशवीवर ऑइल पेंटने आईचा पत्ता लिहिलाय. मास्तरांशी फोन झाला: पुढच्या आषाढात रोपं शाळेच्या आवारात आणि ज्यांना हवीत त्यांच्या बांधांवर, पण एका आईची लेकरं शेजारी-शेजारी नाहीत. कुंपणाच्या जाळीचे पैसे दादा देणार आहे. शेळ्यांचं काय करायचं ते मास्तर बघतील.